टेकडीवरची रेंज
कापलेल्या भाताचा वास आला की मोखाड्याजवळचा तो पाडा आठवतो. बातमीसाठी गेलो होतो. नर्सिंगच्या प्रवेशाची वाट पाहणारी एक मुलगी तिथं रेंजसाठी रोज टेकडी चढून व्हॉट्सअ‍ॅप बघायची. त्या दिवशी मीही सोबत चढलो. विचारलं, “मेल पाहिलास?” ती हसली. “मेल तर फॉर्म भरायपुरता, दादा. त्याच्यावर कोण बोलतं?” तरी तिनं उघडला. निवड झाली होती, पण हजर होण्याची मुदत उलटून गेली होती. आम्ही टेकडी उतरलो. खळ्यावर भात झोडणाऱ्या आईनं विचारलं, “आलं का गं काही?” “नाय अजून.” “मग उद्या सकाळीच चढ. सकाळी रेंज बरी असते.” मुलगी हो म्हणाली आणि आईच्या हातातली पेंढी घेऊन झोडू लागली. आईला तिनं खरं कधी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.