पुस्तक मिटून लिहिलेल्या वह्या

इस्पितळात सगळे तिला मावशी म्हणत, पण ती खरी कुणाचीच मावशी नव्हती. सख्खी म्हणावी अशी एकच धाकटी बहीण, तिला मूलबाळ नाही. शिवाय आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघींचं जे वाजलं ते चार वर्षं मिटलेलं नव्हतं.

तिचं काम निर्जंतुकीकरणाच्या खोलीत. ऑपरेशनचे कात्री-चिमटे धुवायचे, पुसायचे, डब्यात भरायचे आणि वाफेच्या यंत्रात लावायचे. खोलीला खिडकी नाही. कुणी आलंच तर झडपेतून हात आत यायचा, डबा घेऊन जायचा. हाताला तोंड असतं हे कधीकधी विसरायला व्हायचं.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं विभागीय परीक्षेचा अर्ज भरला. पास झाली, की ऑपरेशन थिएटरमध्ये सहायक. चार माणसांत उभं राहून काम, एवढाच मोह होता. पुस्तक सहाशे पानांचं. पहिल्यांदा तिनं पिवळ्या पेनानं महत्त्वाच्या ओळी रंगवल्या, आणि सगळंच महत्त्वाचं वाटल्यामुळे पानं कावीळ झाल्यासारखी पिवळी झाली. मग अख्खं पुस्तक तीन वह्यांत उतरवून काढलं. अक्षर मोत्यासारखं. परीक्षेत उत्तर कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, त्यावर चहाचा डाग कुठे, सगळं आठवलं. उत्तर तेवढं आठवलं नाही. नापास झाली. कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून कुणाला कळलंही नाही.

परिचारिका विद्यालयाच्या ग्रंथपालांकडे ती वह्या घेऊन गेली, याहून सोपं पुस्तक मिळतं का विचारायला. त्यांच्या कानाला यंत्र होतं, त्यामुळे ते सगळ्यांशी ओरडून बोलत. त्यांनी वह्या चाळल्या.

"बाई, ही तर छपाई झाली! यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कशाला हवी त्यात, सर?"

"मग लक्षात कुणाच्या राहणार? धडा वाचा. पुस्तक मिटा. मग आठवेल तेवढंच लिहा, आपल्या भाषेत. समासात फक्त प्रश्न लिहायचा. दुसऱ्या दिवशी उत्तर झाकून तो प्रश्न स्वतःला विचारायचा. अडलात, तरच पुस्तक उघडायचं." मग वह्या परत देत म्हणाले, "आणि घरी कुणाला तरी समजावून सांगत चला. सांगता आलं, म्हणजे आलं."

घरी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी पुस्तक मिटल्यावर जेमतेम दोन ओळी आठवल्या. वीस पानांतून दोन ओळी! तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. पण दुसऱ्या दिवशी पाच झाल्या. समजावून सांगायला माणूस नव्हतं, तेव्हा तिनं लिहितानाच कुणाला तरी सांगायचं ठरवलं, आणि हात आपोआप "अगं, बघ" असं लिहून गेला. पुढचं सगळं बहिणीलाच सांगितलं. लहानपणी तिचा अभ्यास हीच घ्यायची.

समासात प्रश्न होता: डबा गच्च का भरायचा नाही? समोर उत्तर होतं: अगं, तुझ्या कपाटासारखं करायचं नाही. वाफेलाही शिरायला वाट लागते.

वर्षभरात अशा दोन बारीक वह्या झाल्या, मजकूर पहिल्या तीन वह्यांच्या निम्माही नाही. परीक्षेत प्रश्न वाचला, की तिला पान दिसायचं नाही, बहीण दिसायची. कपाळाला आठ्या घालून "म्हणजे काय गं?" विचारणारी. मावशी पहिल्या पाचांत आली.

थिएटरमध्ये रुजू झाली, तेव्हा तिच्या जुन्या जागी आलेल्या तरुण बाईनं वह्या मागून नेल्या. आठवड्यात परत आणून दिल्या.

"मावशी, राग मानू नका, पण मला काही कळलं नाही. कुणाचं कपाट? 'त्या दिवशी जिन्यात घसरलीस तसं' म्हणजे कसं?"

मावशी आधी हसली. सांगायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, हे समजणारं माणूस जगात एकच आहे.

जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मी बोलतेय."

"हं. बोल."

"परीक्षा पास झाले. थिएटरमध्ये घेतलंय."

"बरं झालं." पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज. "जेवलीस?"

"हो. तू?"

"आता बसेन."

वहीबद्दल सांगायचं ओठावर आलं होतं. पण कुठून सुरू करावं ते सुचेना. सहाशे पानं समजावणं सोपं होतं. "ठेवते," बहीण म्हणाली, आणि तिनं ठेवला.

दोन वाजता ऑपरेशन होतं. मावशीनं हात कोपरापर्यंत धुतले आणि दिव्याखाली उभी राहिली. टेबलाभोवती पाचजण होते. तोंडावर मास्क असल्यामुळे कामापुरतंच बोलत.

महिन्याभरानं बहिणीचा फोन आला. तेव्हापासून कधी ही करते, कधी ती. तब्येत, पाणी आलं का, जेवलीस का. बोलणं दोन मिनिटांच्या वर जात नाही. आईचा विषय दोघीही काढत नाहीत.