वळणावरची पिवळी फीत

विद्यापीठाची शर्यत दर वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत व्हायची. इस्लामपुरातल्या आमच्या कॉलेजपासून शिराळ्याच्या रस्त्यानं आमच्या गावापर्यंत यायचं, वेशीवर वळायचं आणि माघारी पळायचं. कॉलेजची पोरं तर असायचीच, पण गावोगावचे लोकही उतरायचे. पैलवान, सुट्टीवर आलेले फौजी, एकदा तर धोतर खोचून आमचा एक चुलता! कोणी अर्ध्यातनंच परतू नये म्हणून वेशीवर प्रत्येकाच्या मनगटाला पिवळी फीत बांधायचे. ते काम आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं.

माझा थोरला भाऊ, दादा, कॉलेजात गेला नव्हता, पण अनवाणी पळून कॉलेजवाल्यांना पाणी पाजायचा. वेशीवर सगळ्यांच्या आधी तोच. न थांबता हात पुढं करायचा. आबा त्याच्याबरोबर चार पावलं धावत फीत बांधायचे आणि मागनं ओरडायचे, "सांजच्याला लवकर ये रं, धारा काढायच्या हायत!" लोकांची हसून मुरकुंडी वळायची. पोरगा पहिला येतोय आणि ह्यांना म्हशी सुचतायत!

मी कॉलेजात होते त्या वर्षी, दिवाळीनंतर उसानं भरलेली गाडी दादावर उलटली. जागच्या जागी गेला.

आबा रडले नाहीत. जेवत होते, रानात जात होते, विचारलं तेवढं बोलत होते. फक्त गोठ्यात पाऊल टाकत नव्हते, धारा मी काढायचे. त्यांना रडवायचा सगळ्यांनी घाट घातला. आत्यानं गळ्यात पडून बघितलं. मामानं तर दादाचा सदराच त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. आबांनी त्याची घडी घातली आणि परत दिला. त्या मामाचा मला असा राग आला होता! राग तरी आला म्हणायचं, बाकी काही येतच नव्हतं. एस.टी.त बसायचे, उतरायचे, वर्गात जायचे. कोणी बोलायला लागलं की नुसते ओठ हलताना दिसायचे.

शर्यतीच्या सकाळी आई म्हणाली, "तू जा त्येंच्यासंगं. तितं तरी रडतील. रडव बाई कसंबी, न्हाईतर छाती फुटंल माणसाची."

मी गेले. पळणारे येत गेले, आबा फिती बांधत गेले. गाठ पक्की, चेहरा कोरा. सगळ्यात शेवटी पोट सुटलेला एक मास्तर धापा टाकत आला, फीत बांधून घेऊन गेला. कॉलेजचे खेळाचे सर म्हणाले, "आबा, झालं सगळं. चला, घरी सोडतो जीपमधनं."

"थांबा. एक यायचाय अजून," आबा म्हणाले. दोन बोटांत फीत धरून ते रस्त्याकडं बघत होते.

सर माझ्याकडं बघायला लागले. शेवटी मीच हात पुढं केला. "बांधा आबा."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. बांधली. मग हळू म्हणाले, "सांजच्याला लवकर ये. धारा काढायच्या हायत."

डोळ्यांत टिपूस नाही. आता आईला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संध्याकाळी लवकरच बादली घेऊन गोठ्यात गेले, तर आबा माझ्याआधी तिथं. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून बसलेले, आणि ढसाढसा रडत होते. म्हैस बिचारी हलली नाही. आवाज ऐकून आई धावत दारात आली. "सुटलं बाई एकदाचं," म्हणाली आणि तीही तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी दुसऱ्या म्हशीखाली बसले आणि धार काढली. मनगटावरची फीत दुधानं भिजली. मला रडू येईना. आबांची काळजी साऱ्या गावाला होती. मला रडवायला ना आत्या आली, ना मामा, ना आई. अहो, माझाही तो भाऊच होता की! हे तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं, पण ओरडायला तरी काही वाटायला पाहिजे ना. बादली भरली, तशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.