चार मिनिटं काढायची होती

रजिस्टरदादांबद्दल कोणी विचारलं की धाकटा आधी हात झटकतो. म्हणतो, "मला विचारू नका, मला त्यांची फारशी माहिती नाही." ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो. पण ते खरंच आहे. चौदा महिने, आठवड्यातले पाच दिवस, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघांनी टेलिव्हिजनसाठी एक विनोदी मालिका लिहिली. एवढ्या काळात दादा राहतात कुठे, घरी कोण कोण असतं, हे धाकट्याने एकदाही विचारलं नाही. चहात साखर कमी लागते आणि पंख्याचा वारा मानेवर सोसत नाही, एवढंच ठाऊक. आता धाकटाही सत्तरी ओलांडून बसला आहे. नाव तेवढं धाकटा राहिलं.

दोघांची ही नावं स्टुडिओतल्या लोकांनी ठेवली होती. दादा जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होते. "एका खिडकीवर आलेले, दुसऱ्या खिडकीवर गेलेले, आणि मी मधल्या खुर्चीवर," असं ते नोकरीचं वर्णन करत. कचेरी सुटली की पावणेसहाला स्टुडिओत येत, अंगठ्याला लागलेली जांभळी शाई नळाखाली बराच वेळ घासत, आणि मग पिशवीतून कचेरीतलं एखादं बाद झालेलं रजिस्टर काढत. मालिका त्यातच लिहिली जाई. अनुक्रमांकाच्या रकान्यात पात्र, नावाच्या रकान्यात संवाद, आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात नुसता आकडा. तीन. पाच. कधी नऊ. म्हणजे इथे सगळ्यांनी तितके सेकंद गप्प बसायचं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, कपडेपटाच्या शेजारी. भिंतीतून डांबरगोळ्यांचा वास यायचा. एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय आखूड, म्हणून ती धाकट्याची. कामाची रीत अशी की एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि जो स्वतःच्या वाक्यावर हसेल त्याने ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडायचं. दादांना कधी खोडावं लागलं नाही. ते हसतच नसत. धाकट्याची अर्धी पानं मात्र काळी होत.

"दादा, हे चांगलं होतं हो!"

"होतं ना. तू हसलास, संपलं. आता बघणाऱ्याला काय उरलं?"

मालिका होती एका रेल्वे स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीवरची. त्या स्टेशनात गाड्या थांबणं केव्हाच बंद झालं होतं, पण खिडकी बंद करायचा हुकूम कोणी काढला नव्हता. आत तीन कर्मचारी. रोज वेळेवर यायचे, खिडकी उघडायचे, आणि कोणीतरी येऊन काहीतरी विचारेल याची वाट बघायचे. कोणी येत नसे. गाडी धडधडत निघून जाई, टेबलावरचे कागद उडत, तिघं ते गोळा करत. पहिल्या अकरा भागांत मिळून खिडकीशी एकच माणूस आला. त्याने विचारलं, "इथे बसलं तर चालेल का?"

नावं दाखवताना लेखक म्हणून एकट्या धाकट्याचं नाव येई. नोकरीतल्या माणसाने बाहेरचं काम करायचं तर परवानगी लागते, आणि दादांनी ती मागितली नव्हती. "अर्ज केला तर साहेब मालिका बघतील. बघितली तर माझी बदली करतील," असं त्यांचं म्हणणं.

साहेबांचं सोडा, बघणाऱ्यांनाही मालिका झेपत नव्हती. तीन महिन्यांत एकतीस पत्रं आली, त्यातली वीसेक आमचा टीव्ही बिघडलाय का असं विचारणारी होती. चित्र दिसतंय, माणसं हलत नाहीत, आवाज नाही. दादांनी ती पत्रं मन लावून वाचली आणि म्हणाले, "बघतायत तर खरं."

कार्यक्रमांचं सगळं एका अधिकारी बाईंच्या हातात होतं. बाई तोंडाच्या फटकळ, पण मालिकेला पहिली परवानगी त्यांनीच दिली होती आणि वरच्यांची बोलणीही त्याच खात होत्या. बाराव्या भागाच्या आधी त्यांनी निरोप पाठवला: जाहिराती वाढल्या आहेत, भागातली चार मिनिटं काढा, उद्या सकाळपर्यंत. त्या संध्याकाळी धाकट्याच्या बहिणीचं घर बदलायचं होतं. कपाट जिन्यात अडकलं होतं आणि मेहुण्याने हात टेकले होते. धाकटा म्हणाला, "दादा, तुम्ही काढाल ना तेवढी चार मिनिटं? गप्प बसायचे आकडे थोडे कमी करा, झालं."

"करतो," दादा म्हणाले.

सकाळी धाकट्याने न वाचताच सही केली. चौदा महिन्यांत दादांचा कागद त्याने कधी तपासला नव्हता, तेव्हाच का तपासावा? भाग चित्रित झाला. शुक्रवारी बाईंनी तो बघितला आणि शनिवारी सकाळीच धाकट्याला बोलावून घेतलं.

"किती वाक्यं आहेत यात, मोजलीत?"

"कशात?"

"बाविसाव्या मिनिटाला भाग संपतो. एकोणीस वाक्यं. मी मोजली. मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं."

दादांनी चार मिनिटं काढली होती, पण शेऱ्याच्या रकान्यातल्या एकाही आकड्याला हात लावला नव्हता. काढले होते ते विनोद. सगळेच्या सगळे. उरलं होतं ते तिघांचं गप्प बसणं, एकमेकांकडे बघणं, आणि मधेमधे "पंखा लावू का?" असलं काहीतरी.

बाई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. दमलेल्या आवाजात त्यांनी सांगितलं, "उद्या दुसरं काही दाखवायला नाही म्हणून हाच भाग जाईल. पुढे चालू ठेवायची असेल तर एकच वाट आहे. मागे हसण्याचा आवाज टाकायचा, माणसं बोलती करायची, आणि लिहायचं तुम्ही एकट्याने. तुमचे ते रजिस्टरदादा नकोत. सोमवारी मला हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर सोमवारीच बंद."

त्या दिवशी दादा आले नाहीत. निरोपही नव्हता. धाकट्याने रात्रभर कूस बदलली असं म्हणणं खोटं होईल. तो मेल्यासारखा झोपला. पण सकाळी उठला तेव्हा त्याला कळलं की आपण हो म्हणणार आहोत. आपल्याला दुसरं काम नाही, आणि मालिका आपल्याला आवडते, आणि दादांना निदान नोकरी तरी आहे. राहिलं ते एवढंच, की दादांना दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत आपण तोंडाने सांगायचं.

पत्ता फाटकावरच्या नोंदवहीतून मिळाला. आत येणाऱ्या बाहेरच्या माणसाला तिथे रोज नाव-पत्ता लिहावा लागे, आणि दादांनी चौदा महिने, न कंटाळता, पूर्ण पत्ता लिहिला होता. पिनकोडसकट.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला धाकटा तिथे पोहोचला. दुसरा मजला, दोन खोल्या. दार दादांच्या बायकोने उघडलं, हातात मटारची परडी.

"ते खाली दूध आणायला गेलेत, येतीलच. तुम्ही?"

"आम्ही बरोबर काम करतो. संध्याकाळचं."

"अच्छा, ते नोंदी लिहायचं! या ना, बसा. चपला राहू द्या. काय हो, एवढ्या कसल्या नोंदी असतात? हे आपले येतात नऊ-नऊ वाजता, तोंडातून शब्द नाही."

धाकट्याला उलगडा झाला की घरात कोणाला काहीच माहीत नाही. "असतात बऱ्याच," तो म्हणाला.

कोपऱ्यात टीव्ही चालू होता आणि टीव्हीवर बारावा भाग. समोर एका खुर्चीत दादांची आई बसली होती. पांढरे केस, गुडघ्यांवर शाल, दोन्ही हात शालीत. पडद्यावर तिघं गप्प बसले होते.

"हे बघवत नाही हो मला," दादांची बायको मटार सोलत म्हणाली. "नुसते बसून असतात. लिहिणाऱ्याला काही सुचत नसावं."

"नसेल," धाकटा म्हणाला.

"पण सासूबाईंचा जीव आहे यात. त्यांना अकरा वर्षं झाली, अजिबात ऐकू येत नाही. बाकी कुठलाही कार्यक्रम लावा, माणसं भराभर बोलतात आणि ह्या विचारत बसतात, काय म्हणाला, तो का रागावला. लिहून दाखवता दाखवता माझा जीव जातो. हा लागला की काही म्हणजे काही विचारत नाहीत. आजचा तर एकदाही नाही."

पडद्यावर गाडी धडधडत गेली असावी. कागद उडाले. तिघांनी ते गोळा केले, आपापल्या जागी बसले, आणि त्यातल्या एकाने आपल्या हातातला कागद हळूच दुसऱ्याच्या ढिगात सरकवला. आता कोणी काही बोललं नाही. इथे शेऱ्यात सात होते. दुसऱ्या का तिसऱ्या सेकंदाला म्हातारीचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. मग तिने शालीतून एक हात काढला आणि डोळे पुसले.

धाकट्याने मान वळवली तर दारात दादा उभे होते. हातात दुधाची पिशवी. ते टीव्हीकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. धाकट्याला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

चहा झाला. आईला पाटीवर लिहून दाखवलं: 'कामावरचा मित्र'. तिने धाकट्याला नीट न्याहाळलं आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "बारीक आहे!" मग दादा म्हणाले, "चल, तुला बसस्टॉपपर्यंत सोडतो."

रस्त्यावर दुकानं बंद होत होती. एक माणूस शटर ओढत होता, ते अर्ध्यावर अडकलं होतं. दोघं त्याला वळसा घालून पुढे गेले. शेवटी दादाच म्हणाले, "बाईंनी बोलावलं होतं ना तुला?"

"हो."

"बंद करतायत?"

"नाही. म्हणजे... हसण्याचा आवाज टाकणार आहेत मागे." धाकट्याने चाल मंदावली. "आणि मी एकट्याने लिहायचं, असं म्हणतायत. मी उद्या हो म्हणणार आहे, दादा."

दादा चालत राहिले. त्यांनी रागवावं, निदान टोमणा मारावा, असं धाकट्याला मनापासून वाटत होतं.

"हसणं कुठे कुठे टाकणार?"

"ते ठरवतील. विनोद झाला की, मागोमाग."

"मग तिथे पात्रांना थांबावं लागेल. हसणं संपेपर्यंत."

"लागेलच."

"म्हणजे गप्प बसणं राहील." दादा थोडे हिशेबात पडल्यासारखे दिसले. "हसण्याचा आवाज तिला कुठे ऐकू येतोय? ती आपली बघेल. चालेल तिला. हो म्हण तू."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, दादा. आईंचं."

"काय सांगणार? आई बहिरी आहे म्हणून सगळ्या लोकांना गप्प बसवतोय? वेडा म्हणाला असतास." मग जरा वेळाने, "काटछाट मला जमली नाही. तू म्हणालास आकडे कमी करा. मी बसलो होतो पेन घेऊन. आकडा कमी केला की ती जिथे हसते तेच जायला लागलं. बोलणं तर तिला पोहोचतच नव्हतं, ते काढलं. तुझं नाव खराब झालं, ते माझ्या लक्षात आलं नाही."

चहात साखर कमी टाका म्हणावं, तसं ते हे म्हणाले. बस आली, तो चढला.

सोमवारी त्याने हो म्हटलं. नव्या पद्धतीचे चारच भाग झाले. धाकट्याने जिवाचं रान केलं, पण एकट्याने बसून लिहिताना स्वतःच्या वाक्यावर हसलं की खोडायला सांगणारं समोर कोणी नव्हतं, आणि तो पानंच्या पानं हसत सुटला. हसण्याच्या आवाजामुळे पत्रं थांबली. बाईंची दुसरीकडे बदली झाली, आणि पाठोपाठ मालिका गेली. कोणी हळहळलं नाही. पुढे धाकट्याने बरंच काही लिहिलं, बहुतेक जाहिराती.

पण त्या चारातला पहिला भाग लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत धाकट्यासाठी फोन आला. दादा होते. मागून कुणाच्या तरी घरातला मिक्सरचा आवाज येत होता.

"काल बघितला," दादा म्हणाले.

"कसा वाटला?"

"आवाज बारीक करून बघितला. चांगला होता. खुर्ची सरकवतात ते चांगलं होतं."

"ते तुमचंच होतं, दादा. जुन्या रजिस्टरातलं."

"हो का? असेल."

धाकट्याने धीर केला. "आईंनी बघितला?"

मिक्सर थांबला. दादा बोलले नाहीत. धाकटा सवयीने मनात आकडे मोजत राहिला, पाचापर्यंत आला.

"अर्धा बघितला. मग म्हणाली, हे सारखे तोंडं का वेडीवाकडी करतात? आणि उठून आत गेली. दमली असेल. वय झालं आता."

"हो," धाकटा म्हणाला. "वय झालंय त्यांचं."

"बरं, ठेवतो मग. फोन शेजाऱ्यांचा आहे, त्यांना लावायचाय कुठेतरी."

"ठेवा, दादा. ठेवा."