जपानच्या डोंगरातला शामलाबाईंचा मासा

ताराचंद भोयर यांचं नागपूरच्या इतवारीत पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. माणूस मूळचा भिवापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण पंचेचाळिशीत त्यांना कोई या रंगीत जपानी माशांचं वेड लागलं, ते कायमचं. मोटारींच्या कंपनीनं दुकानदारांना बँकॉकची सहल घडवली होती. बाकीचे बाजार धुंडाळत फिरले आणि हे एका मासेवाल्याच्या टाकीशी दुपारभर उकिडवे बसून राहिले. परतल्यावर मनीषनगरच्या घरामागे त्यांनी हौद खणला. बँकॉकहून मागवलेले निम्मे मासे पिशवीतच दगावले, उरलेले मे महिन्यानं नेले. मग सिंगापूरचा एक व्यापारी गाठला. पाणी खोल ठेवा, वर हिरवी जाळी बांधा, कडक उन्हात खाणं तोडा, हे त्यानं फोनवरून शिकवलं. त्याचे मासे तगले.

शेजारी विचारायचे, "खात नाही तं पाळता काहून, भाऊ?"

शामलाबाई, त्यांची बायको, परस्पर उत्तर द्यायच्या, "आमच्या यायले मासेच समजतात. माणसं कुठं समजतात!"

२०१५ साली दोघं जपानला गेले. निगाता भागातल्या डोंगरात मोरिता नावाचा म्हातारा व्यापारी होता. तो जाळ्यानं मासे काढून निळ्या टबात सोडायचा आणि दोन पावलं मागे सरून गप्प उभा राहायचा. ताराचंदांची नजर लालभडक माशांवरून हलेना. शामलाबाईंनी मात्र कोपऱ्यातल्या एका फिक्या माशाकडे बोट दाखवलं. त्याच्या पाठीवर शाई सांडून पुसल्यासारखे डाग होते.

"हा घ्या नं."

"काय वं, एवढ्या दूर येऊन हा मळका घ्याचा?"

मोरिता एकदम हसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागला, की मॅडमची नजर पक्की आहे. या माशाचा काळा रंग अजून कातडीखाली आहे. तो वर यायला वर्षं लागतील आणि पाणी थंड लागेल. नागपूरच्या उकाड्यात तो यायचा नाही. तेव्हा मासा तुमचा, पण राहील माझ्या तळ्यात. दर ऑक्टोबरला फोटो पाठवीन.

त्यानं शब्द पाळला. दर वर्षी फोटो यायचा आणि शामलाबाई चष्मा लावून डाग मोजायच्या.

२०१९च्या उन्हाळ्यात डोकं दुखतं म्हणून त्या दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मुलगी हर्षा हैदराबादहून आली, तेरवी झाल्यावर परत गेली. ऑक्टोबरात मोरिताचा फोटो आला. खाली ओळ होती, 'मॅडम कशा आहेत? त्यांना दाखवा.'

ताराचंदांनी बराच वेळ फोन हातात धरला. मग लिहिलं, 'ठीक आहे. तिला आवडला.'

हे पाच वर्षं चाललं. नातेवाईक त्यांच्यासमोर शामलाबाईंचं नाव टाळू लागले होते. साऱ्या जगात एकच माणूस त्यांची खुशाली विचारत होता, आणि त्याला खरं सांगायचा ताराचंदांना धीर होत नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात फोटोऐवजी व्हिडिओ कॉल आला. मोरिता काठी टेकत तळ्याशी उभा होता, शेजारी इंग्रजी बोलणारी सून. पाण्यात मासा वळला. पांढऱ्याशुभ्र पाठीवर डांबरासारखे काळेभोर डाग लखलखत होते. सून म्हणाली, "बाबा तळी बंद करताहेत. मासा गावातल्या शाळेच्या तळ्यात सोडू का? त्यांना आधी मॅडमना विचारायचंय. त्यांना बोलवा ना."

ताराचंदांनी मागे पाहिलं. बैठकीत पंखा फिरत होता.

"ती नाही," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली. मी खोटं लिहीत राहिलो."

सुनेनं ते म्हाताऱ्याला सांगितलं. मोरितानं टोपी काढली आणि तळ्याकडे पाहून कमरेत वाकला. किती वेळ, ते ताराचंदांना कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते एवढंच म्हणाले, "शाळेत सोडा. तिला चाललं असतं."

मासा शाळेत गेला. मोरितानं पुन्हा काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं उरलंही काय होतं!

आठवड्यानं ताराचंदांनी हर्षाला फोन करून सगळं सांगितलं.

"बाबा, आईचा एक मासा जपानमधी होता, अन् मले इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"तुले माझं वेड वाटलं असतं."

"मी येऊ का?"

"नको. पोरांच्या परीक्षा असतील."

"परीक्षा संपल्या, बाबा," ती म्हणाली.

ताराचंदांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "कोणत्या गाडीनं येशील?"