गेटपाशी कमी झालेल्या गाड्या

"मॅडम, हे नेट काढून टाका. इथे पार्किंग करू," आमचे जीएम सुंदरमसाहेब व्हॉलीबॉलच्या मैदानात उभं राहून म्हणाले. शिफ्ट सुटलेले कामगार खेळ थांबवून आमच्याकडे बघत होते.

चेन्नईबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टै गावातल्या त्या कारखान्यात ब्रेकचे पार्ट बनायचे. मी ॲडमिन मॅनेजर. नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून नाशिकहून चेन्नईला आलेली. कामगार कंपनीच्या बसने यायचे. ऑफिसर मंडळींनी मात्र लोन काढून धडाधड गाड्या घेतल्या होत्या. प्रत्येक गाडीत एकच माणूस. पार्किंग भरून गाड्या गेटबाहेर रस्त्यावर लागायला लागल्या.

"साहेब, महिनाभर द्या. गाड्या कमी करून दाखवते."

"हप्ते भरून घेतलेली गाडी कोण घरी ठेवेल?" ते हसले. पण महिना दिला.

माझा उपाय होता कार पूल. जवळपास राहणाऱ्यांनी आळीपाळीने आपली गाडी काढायची, बाकीच्यांनी तीत बसायचं. मी स्वतः चेन्नईतल्या मैलापूरला राहायचे, म्हणून तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच अडकले. प्रॉडक्शनचे राघवन आणि क्वालिटीचे सेल्वराज शेजारच्या गल्ल्यांत राहायचे. राघवन माल बनवायचे, सेल्वराज तो रिजेक्ट करायचे. कामापलीकडे बोलणं नाही.

"दिवसभर त्याचं ऐकतो, मॅडम. आता गाडीतही?" राघवन म्हणाले.

सेल्वराजची अडचण वेगळी होती. "आई घरी एकटी असते. मध्येच फोन आला तर निघू कसा?"

हे खरं कारण होतं. बऱ्याच जणांच्या मनात हीच धास्ती होती. मी कंपनीची एक व्हॅन दिवसभर राखीव ठेवली, कुणाला अचानक घरी जावं लागलं तर. सेल्वराज तयार झाले. मग राघवनना एकट्याने मागे राहणं बरं दिसेना.

आम्ही तिघं एका गाडीने जाऊ लागलो. सुरुवातीला अर्ध्या वाटेवरच्या पूनमल्लीपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना सेल्वराजनी विचारलं, "कालच्या मालाच्या कडा एवढ्या खरखरीत कशा?"

"टूल झिजलंय. स्टोअर्सवाले नवीन देत नाहीत."

"मी लिहून देतो. क्वालिटीची सही असली की देतील."

टूल बदललं, रिजेक्शन उतरलं. ही बातमी माझ्या सर्क्युलरपेक्षा वेगाने पसरली. अण्णानगरवाल्यांनी आपला गट केला, अड्यारवाल्यांनीही. तिथल्या एका इंजिनिअरने तर बुक केलेली गाडी रद्द केली. महिनाअखेर गेटबाहेरचा रस्ता मोकळा होता. साहेबांनी मैदानावर नवा बॉल पाठवला.

पुढे एकदा राघवन वैतागून म्हणाले, "काल सुट्टीच्या दिवशी मला बसने फिरावं लागलं."

"का? गाडी?"

"गाडी घरीच उभी असते म्हणून बायको शिकली चालवायला. आता भाजी, देऊळ, सभागृहातल्या गाण्याच्या मैफली, सगळीकडे गाडीनेच जाते. सेल्वराजच्या आईलाही नेते. मी मागितली तर म्हणते, तुम्हाला पूल आहे ना."

तेव्हापासून कार पूलने गाड्या कमी होतात का असं कुणी विचारलं, तर मी सांगते, कारखान्याच्या गेटपाशी नक्की होतात. मैलापूरचं मला विचारू नका.