वरच्या मजल्यावरचा तारणवाला

आमच्या वरच्या मजल्यावरचा तरुण प्रत्येक वाक्य 'जुओ काका'ने, म्हणजे गुजरातीतल्या 'बघा काका'ने सुरू करतो. क्रिप्टो तारण ठेवून ऑनलाइन कर्ज घेतलेल्यांच्या तारणाचा भाव घसरला, की त्याचा प्रोग्राम ते कर्ज फेडतो आणि तारण स्वस्तात उचलतो. असं एक कर्ज मीही, मोठ्या शहाणपणाने, बायकोपासून लपवून काढलं होतं.

सकाळी जिन्यात तो म्हणाला, "जुओ काका, भाव पडतोय. तारण वाढवा."

"जेवून बघतो." सुरतच्या कापड बाजारात हयात गेल्यामुळे कुठल्याही देण्याला चार दिवसांची मुदत मी धरूनच चालतो.

जेवण होईपर्यंत तारण गेलं होतं. सांगायला तो स्वतःच खाली आला.

"जुओ काका, मीच उचललं. नाहीतर दुसऱ्याने उचललं असतं. काकूंना तुम्ही सांगता का मी?"

मी सांगितलं. बायको बोलत होती तेवढा वेळ तो दारातच, मान खाली घालून उभा राहिला.