सतरा नावांची पत्रिका

लेकीच्या लग्नाची पत्रिका जुळवायला मी संगणकाची एक नवी भाषा कामाला लावली, आणि तीही स्वतः तयार केलेली. हसा. घरात सगळ्यांचं हसून झालंय.

ही भाषा मी सहा वर्षं पिंपळवंडीच्या घरात, वरच्या खोलीत बसून रचत होतो. बसून कसलं, येरझाऱ्या घालून. पोटापाण्याचं काम पुण्याच्या एका कंपनीचं. ते उरकलं की हे. तीन घराण्यांचे संस्कार एकाच पोरीवर, म्हणजे या भाषेवर, करायचे, असा माझा हट्ट. पहिलं घराणं तर्काचं: तुम्ही फक्त नियम सांगायचे, उत्तर तिनं शोधायचं. एक वाट बंद निघाली की मागच्या फाट्यावर यायचं आणि दुसरी धरायची. दुसरं घराणं फंक्शनचं, म्हणजे गणिती सूत्राचं: आज विचारा, उद्या विचारा, त्याच प्रश्नाला तेच उत्तर, मनात काही ठेवायचं नाही. तिसरं ऑब्जेक्टचं, म्हणजे सुट्या घटकांचं: प्रत्येकाच्या पोटात स्वतःची आठवण, बाहेरून कुणाला दिसत नाही. थोडक्यात, भावकी.

ही भाषा वापरणारा जगात एकच माणूस, मी. तिला पहिलं खरं काम मिळालं ते या पत्रिकेचं.

आमच्याकडे निमंत्रकांची नावं कोणत्या क्रमानं छापली, त्यावर लग्नाला कोण येणार ते ठरतं. माझ्या यादीत नावं सतरा. मामा पहिल्या तिघांतच हवेत. आत्याच्या यजमानांच्या वर चुलत्यांचं नाव गेलं तर आत्या मांडवात पाय ठेवणार नाही. दोन साडूंची नावं शेजारी नकोत, एका ट्रॅक्टरवरून त्यांचं बोलणं बंद आहे. मी प्रत्येकाचा एक ऑब्जेक्ट केला आणि त्याच्या पोटात रुसवा नावाची जागा ठेवली. मान चुकला की माणूस रुसणार. रुसलेला पहिल्या ओळीशिवाय कुठेच बसणार नाही. खूश होऊन मी स्वतःलाच टाळी दिली.

आणि थोरले भाऊ. ते राहतात पिंपरी पेंढारला, मोटारसायकलनं पंचवीस मिनिटं. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव खाली, व्यवस्थापकांच्या यादीत, बारीक अक्षरात आलं होतं. मी त्या लग्नाला गेलो नाही, नंतरही नाही. होय, रुसलो होतो मीच.

लेकीनं तारीख ठरली त्याच दिवशी बजावलं, "पप्पा, मोठे काका अक्षता टाकायला नसतील तर मी मांडवात उभी राहणार नाही."

"आधी पत्रिका तर होऊ दे," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "पत्रिकेचं काय घेऊन बसलाय? जाऊन या की एकदा."

"क्रम लागू दे. हातात कागद असला की बोलता येतं."

क्रम काही लागेना. सकाळपासून अकरा वेळा विचारलं. पडद्यावर अकराही वेळा एकच शब्द: नाही. मी गच्चीवर जाऊन आलो. शेंगदाणे खाल्ले. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. नारायणगावच्या प्रेसवाल्याचा फोन आला, "भाऊ, मशीन थांबवून ठेवलंय राव, नावं धाडा."

खालून बायको ओरडली, "फरशी झिजंल! जायचंय तर रस्त्यावर जा!"

शेवटी यंत्राला म्हटलं, तू काय काय करतोस ते पायरीपायरीनं लिहून दाखव. आणि सापडलं! पहिल्या प्रयत्नात त्यानं मामांना चौथं बसवलं. मामा रुसले. ठीक. यंत्र मागं फिरलं आणि मामांना दुसरं बसवायला गेलं, तर मामा अजून रुसलेलेच. वाट सोडून दिली तरी त्या वाटेवरचा रुसवा पोटात तसाच. पुढच्या प्रयत्नात आत्याचे यजमान रुसले. आता दोघांनाही पहिली ओळ हवी. उत्तर येणार कुठून? चूक नातेवाइकांची नव्हती, भाषेचीच होती. मागं फिरताना प्रत्येकाचं पोटही त्या फाट्यावर होतं तसं करायला हवं, हे मी सहा वर्षांत तिला शिकवलंच नव्हतं.

जेवणाआधी दुरुस्ती झाली. मग उत्तरं कोसळायला लागली, शेकड्यांनी! मी वरच्या खोलीत चक्क नाचलो. पहिलंच उत्तर छापून घेतलं: भाऊ सगळ्यांत वर, मी सतरावा. खाली आलो तर बायको मोटारसायकलची किल्ली पुढं करून उभी. सबब संपली होती.

भाऊ कांदे साठवायच्या चाळीपाशी होते. वहिनींनी दारातूनच विचारलं, "या पावणं! सापडला का रस्ता?"

"संगणकानं क्रम लावलाय," म्हणत मी कागद पुढं केला. भाऊंनी चष्मा लावला आणि वरून खाली वाचलं. स्वतःच्या नावापाशी थांबलेसुद्धा नाहीत. परत वाचलं.

"संगणकानं केलं म्हन?"

"हो."

"मग त्याला माझा पोरगा ठावं न्हाई का?"

मी कागद ओढून घेतला. सतरा नावं होती. पुतण्या नव्हता. त्याचा ऑब्जेक्टच केला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी कुणी रुसलंही नव्हतं.

"मीच सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"तेच. त्याच्या लग्नात तू नव्हता, म्हंजी तुझ्या लेखी लगीन झालंच न्हाई."

"टाकतो की."

"कुठं टाकतो? गणित बिघडंल तुझं."

"बिघडू दे." मी गुडघ्यावर कागद धरून माझ्या वर त्याचं नाव लिहिलं.

"आन त्याच्या बायकूचं?"

मला विचारावं लागलं, "काय नाव तिचं?"

नाव वहिनींनी सांगितलं, हळू आवाजात. मी लिहिलं, मग अक्षर नीट आलं नाही म्हणून खोडून पुन्हा लिहिलं.

भाऊंनी कागद घेतला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. "गाडी काढ. प्रेसवर मी येतो. तुझ्यावर भरवसा नाय."

"अवो, चहा तरी?" वहिनी म्हणाल्या.

"येताना," भाऊ म्हणाले, आणि मी खिशात किल्ली शोधेपर्यंत मागच्या सीटवर बसलेसुद्धा.